अंगावरचं पित्त आणि इलेक्ट्रॉनची बंदूक

(भाईंदर पश्चिमेला एका सोसायटीच्या हॉलमध्ये झालेल्या भाषणाचं हे शब्दांकन. ज्यांना ऑडिओ ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी. बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे, फक्त पुन्हा पुन्हा आलेली वाक्यं काढली आहेत.)

बाहेर पाऊस आहे, घरी टीव्हीवर मॅच आहे, तरी एवढे जण आलात, आभारी आहे. सेक्रेटरी साहेबांनी नोटीस बोर्डावर विषय लावला, ‘इलेक्ट्रॉन गन आणि अंगावरचं पित्त’. तेव्हापासून लिफ्टमध्ये भेटेल तो विचारतोय, या दोन गोष्टी एका वाक्यात आल्या कशा?

साधं उत्तर म्हणजे दोन्ही माझ्याकडे आहेत. पोटापाण्यासाठी मी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप दुरुस्त करतो, चोवीस वर्षं झाली. आणि गेली चार वर्षं माझ्या अंगावर पित्त उठतं. मोठं उत्तर पुढच्या अर्ध्या तासात देतो. मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगतो. वाचलेलं, विचारलेलं आणि समजून घेतलेलं तेवढंच सांगेन.

आमच्या धंद्यात दोन प्रश्न वेगळे ठेवावे लागतात. यंत्र ‘कसं’ बंद पडलं आणि ‘का’ बंद पडलं. फिलामेंट तुटलं, हे झालं ‘कसं’. ते का तुटलं? व्हॅक्यूम गळत होता, करंट जास्त दिला होता, की त्याचं आयुष्यच संपलं होतं? हा झाला ‘का’. ‘का’ कधी सापडतं, कधी नाही. पण ‘कसं’ कळलं की फिलामेंट बदलून यंत्र चालू करता येतं, गिऱ्हाईकाचं काम अडत नाही. जुनाट पित्ताचंही असंच आहे, आणि ते वेळेवर कळलं तर पैसे वाचतात, झोप वाचते. आज एवढंच सांगायचं आहे.

आधी शब्दाचा गोंधळ

मराठीत पोटात जळजळलं की पित्त. डोकं चढून उलटी झाली की पित्त. आणि अंगावर लाल गांधी उठून खाज सुटली तरी पित्तच. त्यामुळे घरातली मोठी माणसं तिन्हींवर एकच सांगतात. आमसुलाचं पाणी लाव, तिखट बंद कर, उपाशीपोटी चहा घेऊ नकोस. आमसुलाच्या पाण्याने थंड वाटतं, त्याला माझी हरकत नाही. पण अंगावरच्या पित्ताचा यकृतातल्या पित्तरसाशी काही संबंध नाही. डॉक्टर त्याला अर्टिकेरिया म्हणतात.

गंमत अशी, की या एका शब्दामागे एक खरा धागाही आहे. हिस्टामिन नावाचं एक रसायन शरीरात निरोप्याचं काम करतं. कातडीत ते सुटलं की खाज आणि सूज. पोटात सुटलं की जठराला आम्ल सोडायचा निरोप. निरोप्या एकच, पण तो ज्या कुलपात किल्ली घालतो ती कुलपं वेगळी. कातडीतलं मुख्य कुलूप एच-वन, पोटातलं एच-टू. एच-टू अडवणारं सिमेटिडिन हे औषध जेम्स ब्लॅक यांच्या संशोधनातून आलं, आणि १९८८ च्या त्यांच्या नोबेलमागे हे काम होतं. म्हणून ॲसिडिटीची गोळी घेऊन अंगावरचं पित्त सहसा जात नाही. गोळी दुसऱ्याच कुलपाची असते.

कातडीखाली काय होतं

कातडीत मास्ट सेल नावाच्या पेशी असतात. पॉल एर्लिख यांनी १८७८ च्या प्रबंधात त्यांचं वर्णन केलं. पेशी दाण्यांनी गच्च भरलेली दिसली, म्हणून त्यांना वाटलं ही खाऊन खाऊन फुगलेली पेशी असावी. जर्मनमध्ये जनावर चारून पुष्ट करण्याला जो शब्द आहे, त्यावरून हे नाव पडलं. त्या दाण्यांत हिस्टामिन असतं. पेशी भडकली की दाणे बाहेर पडतात, बारीक रक्तवाहिन्या गळू लागतात, कातडीत पाणी साचतं आणि गांध उठते. मज्जातंतूंना निरोप जातो आणि खाज सुटते.

पेशीला भडकवतं कोण? ॲलर्जीत हे काम आयजीई नावाची प्रतिपिंडं करतात. किमिशिगे आणि तेरुको इशिझाका या जपानी पतिपत्नींनी ती १९६६ च्या सुमाराला शोधली. पण जुनाट पित्तात बहुतेक वेळा बाहेरचा शत्रू नसतोच. कित्येक रुग्णांमध्ये शरीर स्वतःच्याच आयजीईविरुद्ध, किंवा आयजीई जिथे चिकटतं त्या जागेविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं. काहींमध्ये आयजीईच थायरॉइडच्या प्रथिनासारख्या स्वतःच्या गोष्टींवर उलटतं. म्हणजे घराची बेल घरातलंच कोणीतरी वाजवतंय.

सहा आठवड्यांपेक्षा जास्त काळ गांधी येत-जात राहिल्या तर त्याला जुनाट म्हणतात. कोणत्याही वेळी शंभरातल्या साधारण एकाला हा त्रास असतो, आणि बायकांमध्ये पुरुषांपेक्षा दुपटीने. म्हणजे आपल्या सातशे-आठशे माणसांच्या कॉम्प्लेक्समध्ये सात-आठ जण असावेत. फुल बाहीचा शर्ट घालून गप्प बसणारे.

आता बंदुकीकडे

हे कुलूप, हे रसायन, ही पेशी, कोणी पाहिलं हे सगळं? इथे माझा धंदा येतो.

तुमच्याकडे पूर्वी डबा टीव्ही होता ना? त्याच्या पिक्चर ट्यूबच्या मागच्या निमुळत्या मानेत इलेक्ट्रॉन गन होती. तत्त्व सोपं आहे. धातू तापवला की त्यातून इलेक्ट्रॉन सुटतात. समोर धन दाब ठेवला की ते तिकडे धावतात. मध्ये हवा नको, नाहीतर वाटेत रेणूंना धडकतील, म्हणून काचेच्या आत व्हॅक्यूम. रामायण-महाभारताच्या काळात अख्खा महाराष्ट्र रविवारी सकाळी इलेक्ट्रॉन गनच्या समोर बसलेला असायचा.

मी जे यंत्र उघडतो त्यात हीच गोष्ट लहान आकारात असते. केसाच्या पिनेसारखी वाकवलेली टंगस्टनची तार, तिच्याभोवती वेनेल्ट नावाची धातूची टोपी, खाली ॲनोड, आणि तीस हजार व्होल्टपर्यंत दाब. ही तार शंभर-एक तास चालते. टोपीच्या भोकावर जराशी काजळी धरली तरी चित्र हलतं. कॉलमच्या तळाशी महागडं काहीही बसवा, बंदुकीतून जसा झोत निघाला त्यापेक्षा चांगलं चित्र मिळत नाही.

हीच बंदूक आपल्या आसपास किती ठिकाणी आहे बघा. कॅन्सरच्या रेडिओथेरपीचं लिनॅक यंत्र घ्या. त्याच्या मुळाशी इलेक्ट्रॉन गन. तिचे इलेक्ट्रॉन वेगाने टंगस्टनवर आपटतात आणि एक्स-रे निघतात. असं यंत्र देशात बनवण्याचं काम पवईला, आयआयटीच्या आवारातल्या ‘समीर’ या सरकारी संस्थेने केलं, आणि सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेपर्यंत ते पोचलं. खारघरला भाभा अणुसंशोधन केंद्राचं इलेक्ट्रॉन बीम सेंटर आहे, तिथे १० एमईव्हीचा प्रवेगक आहे. आणि इंदूरला, होळकरांच्या गावी, राजा रामण्णा केंद्रात ‘इंडस-२’ हे सिंक्रोट्रॉन आहे. सुमारे १७२ मीटर घेराच्या कड्यात इलेक्ट्रॉन फिरतात आणि वळणावर एक्स-रे सोडतात. त्यातल्या एका किरणवाटेवर प्रथिनांच्या स्फटिकांचा अभ्यास होतो.

प्रथिनाचा आकार बघायचा तर त्याचा स्फटिक करायचा, त्यावर एक्स-रे सोडायचे आणि ते कसे विखुरतात त्यावरून अणू कुठे कुठे आहेत ते काढायचं. २०११ साली सो इवाता यांच्या गटाने परदेशातल्या सिंक्रोट्रॉनवर अशाच रीतीने आपल्या एच-वन कुलपाची रचना प्रसिद्ध केली. कुलपात डॉक्सेपिन हे जुनं औषध अडकवलेलं होतं.

त्यातून एक उपयोगी गोष्ट कळली. जुनं औषध कुलपाच्या खोल खाचेत बसतं, आणि ती खाच शरीरातल्या इतर अनेक कुलपांमध्ये जवळजवळ तशीच आहे. म्हणून जुन्या गोळ्या नको तिथेही बसतात, तोंड कोरडं पडतं. सेटिरिझिनसारख्या नव्या गोळ्यांना एक जादा टोक आहे. ते एच-वनच्या तोंडाशी असलेल्या वेगळ्या जागेला धरतं, तशी जागा इतर कुलपांमध्ये सहसा नसते. शिवाय नव्या गोळ्या मेंदूत कमी शिरतात, त्यामुळे झोपही कमी येते. लोकल पकडून कामावर जाणाऱ्याला हा फरक कळतो.

श्रेय द्यायचं तर नीट देऊ. पहिली हिस्टामिनविरोधी औषधं दानिएल बोव्हे यांच्या प्रयोगशाळेतून १९३७ पासून निघाली, कुलूप कोणी पाहिलंच नव्हतं तेव्हा. औषध आधी आलं, चित्र सत्तर-पंच्याहत्तर वर्षांनी. म्हणजे उपायासाठी सगळं कळेपर्यंत थांबावं लागत नाही. हे लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

मीरा रोड ते भाईंदर एवढा बोगदा

आता फ्री-इलेक्ट्रॉन लेसर. नाव अवघड आहे, गोष्ट नाही. जॉन मॅडी यांनी १९७१ मध्ये कल्पना मांडली आणि पुढच्या काही वर्षांत स्टॅनफर्डला ती करून दाखवली. इलेक्ट्रॉनचा झोत चुंबकांच्या लांबच लांब रांगेतून सोडायचा. उत्तर, दक्षिण, उत्तर, दक्षिण. इलेक्ट्रॉन नागमोडी जातात आणि प्रत्येक वळणाला प्रकाश टाकतात. तो प्रकाश उलट इलेक्ट्रॉनांनाच ढकलून त्यांचे बारीक बारीक थर करतो. थर झाले की सगळे एका तालात प्रकाश टाकतात. वारीत टाळ एका लयीत आले की आवाज कसा अंगावर येतो, तसं.

पण थर व्हायचे तर झोत सुरुवातीपासून घट्ट हवा. आणि इलेक्ट्रॉन एकमेकांना ढकलतात. विरार लोकलच्या दारात उभं राहिलेल्याला हे समजवावं लागणार नाही. म्हणून या यंत्रांची बंदूक वेगळी असते. तापलेल्या तारेऐवजी धातूच्या किंवा अर्धवाहकाच्या तुकड्यावर लेसरचा अतिसूक्ष्म झटका मारतात. इलेक्ट्रॉनचा एक गुच्छ निघतो, आणि तो फिसकटायच्या आत जोरदार विद्युतक्षेत्र त्याला पुढे हाकतं. गुच्छ इथेच बिघडला तर पुढे किलोमीटरभर यंत्र लावूनही सावरत नाही. माझ्या काजळी धरलेल्या टोपीचीच गोष्ट, फक्त कोट्यवधी पटीने महाग.

एक्स-रेचा असा पहिला मोठा लेसर २००९ मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झाला. जर्मनीत हॅम्बुर्गजवळचा २०१७ मध्ये. त्याची लांबी ३.४ किलोमीटर, म्हणजे साधारण मीरा रोड स्टेशनपासून भाईंदर स्टेशनपर्यंत जमिनीखालून बोगदा. सेकंदाला सत्तावीस हजार एक्स-रे झटके देण्याची त्याची क्षमता आहे. इंदूरलाही फ्री-इलेक्ट्रॉन लेसर उभा केलाय, पण तो अवरक्त प्रकाशाचा. एक्स-रेचा भारतात अजून नाही.

एवढा खटाटोप कशाला? पेशीच्या भिंतीतल्या कुलपांचे स्फटिक फार छोटे मिळतात आणि साध्या एक्स-रेखाली हळूहळू जळून जातात. या लेसरचा झटका इतका आखूड, की स्फटिक फुटायच्या आत चित्र मिळालेलं असतं. एक फुटला की पुढचा. असे हजारो.

आता तुमच्या औषधाच्या डब्यात बघा. ॲलर्जी म्हटलं की आपल्याकडे हमखास लिहिली जाणारी एक जोडगोळी आहे, मोंटेलुकास्ट आणि लेव्होसेटिरिझिन. त्यातलं मोंटेलुकास्ट ज्या कुलपावर बसतं, त्या ल्युकोट्रिन कुलपाची रचना २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. त्या कामात एक्स-रे फ्री-इलेक्ट्रॉन लेसर वापरला होता, आणि कुलपात मोंटेलुकास्टच्याच कुळातली दम्याची औषधं होती. आणि २०२१ मध्ये एच-वन कुलपात प्रत्यक्ष हिस्टामिन कसं बसतं तेही दिसलं. ते क्रायो-इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपमधून, ज्याच्या डोक्यावर पुन्हा एक इलेक्ट्रॉन गन असते. माझी भावकीच म्हणा.

मग माझ्या पित्ताचं कारण काय?

आलो मुद्द्यावर. अणूपर्यंत कुलूप दिसलं. मग माझ्या अंगावर चार वर्षांपूर्वीच्या गणपतीत अचानक पित्त का उठायला लागलं, ते कळलं का? नाही. ‘कसं’ इतकं कळलंय की चित्र काढून दाखवता येतं. ‘का’ बहुतेक रुग्णांत सापडत नाही. डॉक्टर त्याला ‘उत्स्फूर्त’ म्हणतात, म्हणजे बाहेरचं ठरावीक कारण नसलेलं.

आणि इथेच माणूस अडकतो. घरचे म्हणतात, कोळंबी खाल्लीस. शेजारी म्हणतात, वांगं बंद कर. कोणी म्हणतं, डोक्याला ताण फार घेतोस. मग शे-दीडशे पदार्थांची ॲलर्जी तपासणी, हजारो रुपये, आणि हातात लांबलचक यादी. दूध, गहू, शेंगदाणे, तूर. आमच्या ओळखीतल्या एक काकू वर्षभर वरण-भाताला मुकल्या, आणि गांधी तशाच.

आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना काय म्हणतात? उत्स्फूर्त जुनाट पित्तात खाण्याची खरी ॲलर्जी हे कारण क्वचितच असतं. सुरुवातीला रक्ताची साधी तपासणी आणि ईएसआर किंवा सीआरपी पुरे. तज्ज्ञांकडे गेलात तर एकूण आयजीई आणि थायरॉइडची प्रतिपिंडं. बाकी तपासण्या तुमची हकीकत तिकडे बोट दाखवत असेल तरच.

मासे खाऊन त्रास होतच नाही का? होतो. खाल्ल्यावर दर वेळी तासाभरात उठत असेल तर ती ॲलर्जी असू शकते, दाखवायला हवी. आणखी एक गोष्ट उत्तनच्या मंडळींना बरोबर कळेल. बांगडा, सुरमई, कुपा हे मासे बर्फात नीट ठेवले नाहीत, तर जंतू माशातच हिस्टामिन तयार करतात. शिजवून ते जात नाही. ते खाल्लं की तोंड लाल, अंगावर गांधी. ती ॲलर्जी नव्हे, खराब मासा. उद्या ताजा बांगडा खा, काही होणार नाही.

काही पित्तं मात्र कारण दाखवून येतात. बॅगेचा पट्टा घासला तिथे रेघ उठली, तर ते ओरखड्याचं पित्त. गर्दीत घामाघूम झाल्यावर बारीक बारीक पुटकुळ्या आल्या, तर उष्णतेचं. गार पाण्याने येतं ते थंडीचं. हे ओळखायला रोजची नोंद लागते.

मग करायचं काय

पहिलं, नोंद. आठवडाभर रोज रात्री दोन आकडे लिहा. गांधी किती, शून्य ते तीन. खाज किती, शून्य ते तीन. आठवड्याची बेरीज जास्तीत जास्त बेचाळीस. या बेरजेवर जगभरचे डॉक्टर औषध ठरवतात. तुम्ही जाता तेव्हा नेमकं अंगावर काही नसतं, म्हणून मोबाइलवर फोटोही काढून ठेवा.

दुसरं, गोळी रोज. उठलं की घेतली, गेलं की सोडली, असं केलं तर पेशी भडकल्यावर आपण धावतो. नव्या पिढीची हिस्टामिनविरोधी गोळी रोज, ठरल्या वेळी, डॉक्टर सांगतील तितके आठवडे. दोन ते चार आठवड्यांत आटोक्यात आलं नाही तर डॉक्टर मात्रा चौपटीपर्यंत वाढवू शकतात. स्वतः वाढवायची नाही.

तिसरं, त्यानेही भागलं नाही तर ओमॅलिझुमॅबचं इंजेक्शन आहे, महिन्यातून साधारण एकदा. ते मोकळं आयजीई बांधून ठेवतं. अमेरिकेत या आजारासाठी २०१४ मध्ये त्याला मान्यता मिळाली. महाग आहे. पण असं काही आहे हे माहीत तरी हवं.

चौथं, सावधगिरी. ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन अशा दुखण्याच्या गोळ्यांनी बऱ्याच जणांचं पित्त वाढतं. स्टिरॉइडने झटपट बरं वाटतं, म्हणूनच ते महिनोन्‌महिने घेऊ नये. मोंटेलुकास्टने काहींना वाईट स्वप्नं पडतात, मन खचतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० मध्ये त्यावर ठळक इशारा छापायला लावला. आणि जुनाट पित्तात त्याच्या उपयोगाचा पुरावा तसा तुटपुंजा आहे. कुलूप लेसरने पाहिलं म्हणून त्यावरची गोळी प्रत्येकाला लागू पडेल असं नाही. डॉक्टरांना विचारा.

एक गांध चोवीस तासांपेक्षा जास्त एकाच जागी राहिली, दुखली, काळानिळा डाग ठेवून गेली, तर तो आजार वेगळा असू शकतो, त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. आणि जीभ किंवा घसा सुजला, श्वास अडला, चक्कर आली, तर वाट बघायची नाही. १०८ ला फोन.

शेवटी एकच. हा आजार बहुतेकांचा काही वर्षांत आपोआप शमतो. कधी, ते सांगता येत नाही, जसं तो का आला ते सांगता येत नाही. पण मधली वर्षं खाजवत, जागत आणि वरण-भात सोडून काढायची गरज नाही. बोव्हेंनी कुलूप न बघता औषध काढलं होतं. आपल्याला तर आता कुलूप दिसतंय. माझी गेल्या महिन्याची आठवड्याची बेरीज तीन आहे, औषध चालू आहे, आणि कारण अजूनही मला माहीत नाही.

बरं, आता प्रश्न विचारा. पंखा जरा वाढवा कोणीतरी. आणि फुल बाहीच्या शर्टातले जे कोणी असतील, त्यांनी सगळ्यांसमोर विचारायचं नसेल तर नंतर जिन्यात गाठलं तरी चालेल.